आडवा ठेवायचा

गंजगोलाईच्या मागं, कडबा कटरच्या दुकानाशेजारी
गोणपाटात गुंडाळून आला तो,
मालटेम्पोतून, तुरीच्या चुरीच्या पोत्यांवर निजून.
मैनोद्दीन मिस्त्रींनी गोणपाट सोडलं, आधी वास घेतला.
"सागवान न्हाई. शिसम न्हाई. लांबचं हाय काहीतरी.
पण लाकूडच हाय."
धावपट्टीवरचा मेकॅनिक जोगासिंग, नांदेडचा,
हसला नाही. म्हणाला,
"ह्या पंख्याच्या मागं माणूस बसतो, मिस्त्री."

मी गिरणीवाल्या चाकोत्यांची धाकटी.
पट्टा तुटला की मिस्त्रींकडं पळायचे, ती तिथंच राहिले.

पहिले चार दिवस नुसतं खरवडणं.
रसायन नको, जोड सुटतील,
म्हणून खिडकीच्या फुटक्या काचेनं,
रेषेच्या बाजूनं, रेषेविरुद्ध कधीच नाही.
जुनं वार्निश कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघायचं.
खाली सात फळ्या, एकमेकींच्या अंगाला अंग लावून.
आणि मधल्या भोकाजवळ पेन्सिलीचा आकडा: ४१,
पुढं अर्धी सही, कुठल्या लिपीत कोण जाणे.
"पुसू का?"
"कामून? त्याचं काम चालू हाय की अजून."

टोकांना पितळी पत्रा, पत्र्याला सुईएवढी तीन-तीन भोकं.
ती मी वार्निशानं बुजवून टाकलेली, चांगलं दिसावं म्हणून.
मिस्त्री टाचणी घेऊन बसले.
"लाकूड पाणी पितं, तसं टाकतंबी.
त्याला घाम यायला जागा ठेव की गं."

मग तोलणं.
भोकात सळई, सळई दोन सुऱ्यांच्या धारेवर,
दारं लावलेली, छताचा पंखा बंद, मे महिना.
एक पातं हळूच खाली जायचं,
घरातलं कुणी न बोलता उठून जावं तसं.
हलक्या बाजूला एक हात वार्निश. वाळू दे. पुन्हा बघ.
दोन ग्रॅमचा फरक, मग एकाचा,
मग एका माशीचा.
खरंच माशीचा: ती डाव्या टोकावर बसली
आणि डावं टोक झुकलं.
मिस्त्रींनी तिला हाकललं नाही.
गळ्यावरून घाम उतरत होता, तो पुसलाही नाही.
ती उडाली.
पातं वर आलं
आणि थांबलं.

उडालं ते विमान. अकरा महिने.
नंतर परवाना, कागद, कुणाची तरी बदली.
आता शेडमध्ये विटांवर टेकवून ठेवलंय.
जोगासिंग नांदेडला परतला,
मिस्त्री गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात,
रंधा माझ्याकडं, चष्मा त्यांच्या लेकाकडं.

दर पंधरा दिवसांनी मी स्कूटीवर जाते.
चौकीदार लामजनेकाका किल्ली देतात, पगार विचारत नाहीत,
त्यांचाही थकलाय.
हात लावण्याआधी स्वीच बघते. मग पुन्हा बघते.
वैशाखात आमच्याकडची हवा
लाकडातलं उरलंसुरलं ओलही ओढून नेते,
सहाही बोल्ट सैल, पाना पाव फेरा मागतो.
श्रावणात फळ्या फुगतात,
तेव्हा तो पाव फेरा परत द्यायचा,
नाहीतर लाकूड आतल्या आत चिरडतं
आणि वरून चकचकीतच दिसतं.

आणि आडवा ठेवायचा.
कुणीतरी येतं, फोटो काढतं, पातं उभं करून जातं.
उभं राहिलं की ओल खालच्या टोकाला उतरते,
माशीएवढा तोल जातो.
"उडणार का हे पुन्हा?" लामजनेकाका दर वेळी विचारतात.
मी बोल्ट मोजत असते.

आज डाव्या टोकावर माशी बसलेली.
इंजिनाला जोडलेलं पातं असं झुकत नसतं,
मला माहीत आहे.
हातातला पाना खाली ठेवला.
उभी राहिले.